‘हीट झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

मार्च उजाडला की दवाखान्यात एक वाक्य रोज कानावर पडते, ‘‘डॉक्टर, अंगात हीट झालीय.’’ ‘हीट’ हा शब्द इंग्रजी, साधा अर्थ उष्णता. आपण मात्र त्याला रोगाचे नावच करून टाकले आहे. लघवीला जळजळ झाली, तोंड आले, घोळणा फुटला, तळपायांची आग झाली, की निदान एकच!

उन्हाळ्यात पाणी कमी पडले की लघवी गडद होते व जळजळते. पाणी वाढवले, सब्जा किंवा धने-जिऱ्याचे पाणी घेतले आणि बरे वाटले तर उत्तमच. पण दोन दिवसांत जळजळ थांबली नाही किंवा थंडी वाजून ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो; लघवी तपासून घ्यावी. तळपायांची आग महिनोन्‌महिने होत असेल तर रक्तातील साखर पाहावी. तोंडातील फोड तीन आठवड्यांत भरून आला नाही, तर तो डॉक्टरांना दाखवावाच; तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवसही लांबवू नये. वयस्कर माणसाचा घोळणा वारंवार फुटत असेल तर रक्तदाब मोजावा. यांपैकी कोणताही आजार गुलकंदाने बरा होणारा नाही.

खऱ्या अर्थाने उष्णतेचा आजार म्हणजे उष्माघात. घाम वाळताना शरीर थंड होते. ही सोय अपुरी पडली की अंगाचे तापमान १०४ अंश फॅरनहाइटच्या (४० सेल्सियस) वर जाते. रुग्ण असंबद्ध बोलतो, त्याला झटके येतात, शुद्ध हरपते. अंग कोरडेच असेल असे नाही, घामही असू शकतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हातील कार्यक्रमानंतर १४ जण दगावले, हे आपण विसरता कामा नये.

येथे तापाची गोळी उपयोगी नाही. साध्या तापात मेंदूच तापमान वाढवतो, गोळी तेथे काम करते. उष्माघातात उष्णता बाहेरच पडत नाही. ती बाहेरून उतरवावी लागते. रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नये.

तेव्हा वाचकहो, डॉक्टरांकडे गेल्यावर ‘हीट झाली’ एवढेच सांगू नका. कोठे, काय आणि किती दिवसांपासून होते, ते सांगा. अर्धे निदान तेथेच होते.