दुसरे शस्त्र फुकट मिळत नाही

चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरचे आमदार सुधीर मुनगंटीवार सांस्कृतिक कार्यमंत्री असताना, २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित झाला. मर्दानी खेळात दोन्ही हातांनी पट्टे फिरवणाऱ्याला हमखास दाद मिळते. मात्र दोन शस्त्रे म्हणजे दुप्पट ताकद, हा समज अपुरा आहे. पट्ट्याच्या लोखंडी आवरणात हात बंदिस्त असल्याने मनगट मोकळेपणाने वळत नाही. वार खांद्यातून व कोपरातून निघतो. दुसऱ्या हातातही पट्टा घेतला की ढाल सुटते. मग बचाव उरतो तो पवित्र्यावर आणि पात्याच्या अखंड फिरण्यावर.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या काल्पनिक युद्धखेळानेही हाच व्यवहार नियमात बांधला आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत विशेष कौशल्याविना दोन शस्त्रे चालवल्यास मुख्य हाताच्या दानातून सहा, तर दुसऱ्या हाताच्या दानातून दहा गुण वजा होतात. दुसरे शस्त्र हलके असल्यास किंवा कौशल्य कमावल्यास ही वजावट घटते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने वजावट काढली. पण दोन्ही शस्त्रे हलकी असण्याची अट घातली आणि दुसऱ्या वारातून बळाची भर वगळली. सराव नसलेला हात मैदानात आणि पटावर सारखाच महाग पडतो.