दोन वाहिन्यांची खुर्ची

वाचकहो, सर डेव्हिड ॲटनबरो हे नाव उच्चारताच घनदाट अरण्य आणि कुतूहलाने भारलेला एक दबका स्वर आपणांस आठवतो. परंतु याच गृहस्थांनी सुमारे आठ वर्षे लंडनच्या कचेरीत बसून अंदाजपत्रके तपासली, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

1926 साली जन्मलेल्या ॲटनबरोंनी केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. बीबीसीच्या नभोवाणी विभागाने त्यांचा अर्ज नाकारला. मात्र तोच अर्ज पाहून दूरचित्रवाणी विभागाने त्यांना बोलावून घेतले. गंमत अशी की, घरी संच नसलेल्या या उमेदवाराने तोवर जेमतेम एक कार्यक्रम पाहिला होता!

1965 साली ते ‘बीबीसी-2’ या नव्या वाहिनीचे प्रमुख झाले. अधूनमधून स्वतः कार्यक्रम करण्याची मुभा मात्र त्यांनी आधीच मागून घेतली. वाहिनीची अवस्था बिकट होती. 20 एप्रिल 1964 रोजी, उद्घाटनाच्याच रात्री, लंडनमधील वीज गेली होती. शिवाय तिचे चित्र 625 रेषांचे; 405 रेषांच्या जुन्या संचांवर ते दिसतच नसे. नवा संच विकत घ्यावा असे लोकांना वाटायचे, तर इतरत्र न मिळणारे काहीतरी तेथे असावयास हवे, हे ॲटनबरोंनी ओळखले.

ते ‘काहीतरी’ म्हणजे प्रामुख्याने रंग. पश्चिम जर्मनीच्या आधी रंगीत प्रक्षेपण सुरू करण्याची त्यांना ईर्षा होती. 1 जुलै 1967 रोजी विम्बल्डनच्या टेनिस सामन्यांनी ते साधले. मग 1969 मध्ये स्नूकरचा कार्यक्रम आला, कारण साधे होते. हा खेळ चेंडूंच्या रंगांवर चालतो आणि करड्या चित्रात ते एकमेकांपासून ओळखू येत नाहीत! त्याच वर्षी केनेथ क्लार्क यांची पाश्चात्त्य कलेवरील ‘सिव्हिलायझेशन’ ही तेरा भागांची मालिका झळकली. खेळाच्या टेबलाला आणि चित्रकलेला एकाच मापाने मोजणारा हा अधिकारी मला तरी विरळा वाटतो.

1969 मध्येच दोन्ही वाहिन्यांच्या कार्यक्रमांची सूत्रे त्यांच्या हाती आली. 1972 साली तर बीबीसीच्या महासंचालकपदासाठी त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. त्यांनी बंधू रिचर्ड यांना दूरध्वनी केला आणि या पदाची आपल्याला मुळीच भूक नाही, असे मन मोकळे केले. (हेच रिचर्ड पुढे 1982 मध्ये ‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून आपल्या परिचयाचे झाले.) सर्वोच्च पद समोर दिसत असताना डेव्हिड यांनी राजीनामा दिला.

1979 साली त्यांची ‘लाइफ ऑन अर्थ’ ही मालिका आली; तीही तेराच भागांची. तिच्यासाठी रवांडात ते गोरिलांजवळ बसले. बोलावयाचे होते अंगठ्याच्या उपयुक्ततेविषयी. पण भाषण राहिले बाजूला, कारण गोरिलांची पिल्ले त्यांच्या पायांतील बूट काढू लागली होती.