पेटीचे कोपरे कसे जोडावेत?

पेटीचा कोपरा ९० अंशांचा हवा, म्हणून दोन्ही फळ्यांची टोके ४५ अंशांत तिरकी कापतात. कापलेले टोक फेविकॉल पिऊन टाकते. म्हणून मी आधी एक पातळ हात देतो, जरा सुकला की दुसरा. पण जोडताना टोके सरकतात बघा! एक कोपरा दाबला की दुसरा उघडतो. उपाय सोपा आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी ताणून पेटीभोवती गुंडाळा. चारही कोपरे एकदम दाबले जातात. लगेच सुतळीने दोन्ही कर्ण मोजा. एक लांब भरला तर त्याचे दोन कोपरे हळूच आत दाबा. कर्ण सारखे झाले की रात्रभर पेटीला हात लावू नका. वाकडी वाळली तर झाकण कधीच नीट बसत नाही!