फुग्याला टांगलेला तराजू

खरिपाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, म्हणजे पैसेवारी, 50 पैशांच्या वर की खाली, यावरून जालना जिल्ह्यात गावोगाव वाद झडतात. पण अख्ख्या शिवाराचे पीक काट्यावर कोणी चढवत नाही. निवडलेल्या तुकड्यातले पीक कापून तोलायचे आणि त्यावरून गावाचा अंदाज बांधायचा. ताऱ्यांमधल्या रेणुमेघांचे वस्तुमान काढताना तेवढा तुकडाही हाती लागत नाही. हे मेघ मुख्यतः हायड्रोजनचे आणि दहा-वीस केल्विन इतके थंड. त्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळपास मुकाच असतो. मग साक्ष इतरांची घ्यायची. एक साक्षीदार 1970 मध्ये अवकाशात सापडलेला कार्बन मोनॉक्साइड, दुसरी धूळ.

धूळ दूर-अवरक्त किरण सोडते आणि ते आपल्या हवेतली वाफ गिळून टाकते. म्हणून मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चने एक मीटर व्यासाची दुर्बीण हायड्रोजनच्या फुग्याला टांगून हैदराबादहून सुमारे तीस किलोमीटर उंच पाठवली. तिचे संवेदक द्रव हेलियमने गोठवलेले असत. 1990 च्या दशकातल्या उड्डाणांत ती दीडशे आणि दोनशे मायक्रॉनच्या आसपासच्या दोन पट्ट्यांत एकाच वेळी पाही, आणि खरी मेख या दोन पट्ट्यांतच आहे. त्यांच्या तेजाच्या गुणोत्तरावरून धुळीचे तापमान कळते. ते 20 ऐवजी 25 केल्विन धरले, तर दीडशे मायक्रॉनच्या तेजावरून निघणारे वस्तुमान निम्म्याहूनही खाली येते. पुढे 2009 मध्ये गेलेल्या साडेतीन मीटरच्या हर्शेल दुर्बिणीने हेच काम कितीतरी बारकाईने केले, मग या फुग्याचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. उत्तर काळात आहे: 1983 च्या आयरास उपग्रहाची नजर शंभर मायक्रॉनवर संपत होती आणि थंड धूळ त्यापलीकडे जास्त उजळते. धुळीच्या शंभरपट वायू असतो हे गृहीतच, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो.

मेघ टिकेल की कोसळेल हे एकट्या वस्तुमानावरून ठरत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णरेषेची रुंदी वायूची हालचाल सांगते. दहा केल्विनला ध्वनीचा वेग सेकंदाला जेमतेम 0.2 किलोमीटर, पण मोठ्या मेघांत हालचाल काही किलोमीटरची दिसते. हा खळबळाट आवरायला किती वस्तुमान हवे, ते विरियल वस्तुमान. धुळीवरून काढलेले मेघाचे वस्तुमान त्याहून बरेच भरले, तर गुरुत्वाकर्षण वरचढ. तरीही वरचढ म्हणजे लगेच कोसळणार, असे नव्हे. आकाशगंगेतला सगळा रेणुवायू मोकळेपणी कोसळत असता, तर वर्षाला आजच्याहून कितीतरी पट तारे जन्मले असते, हे खगोलशास्त्रज्ञ झुकरमन आणि पामर यांनी 1974 मध्येच दाखवले. प्रत्यक्षात जन्मतात दोनेक सूर्यांएवढे. खळबळाट, चुंबकक्षेत्र आणि नव्या ताऱ्यांचा मारा यांतले नेमके काय किती अडवते, यावर वाद चालूच आहे.

माझ्या मते निकाल डळमळतो तो बहुतेकदा अंतरापाशी. धुळीचे वस्तुमान अंतराच्या वर्गाने वाढते, विरियल वस्तुमान नुसत्या अंतराने. अंतर दुप्पट झाले की एक चौपट, दुसरे दुप्पट. आकाशगंगेत सूर्याच्या कक्षेच्या आतल्या बाजूस मेघाच्या वेगावरून अंतर काढू गेले, तर एकाच वेगाला जवळचे आणि लांबचे अशी दोन उत्तरे निघतात. तोच मेघ जवळच्या उत्तराने विखुरणारा ठरू शकतो, लांबच्या उत्तराने स्वतःच्या भारानेच बांधलेला.