सुताची मर्यादा, मेणाची हौस

नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत, हे नंदुरबार जिल्ह्यात कुणालाही ठाऊक असते. सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरला निघालेल्या तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने मात्र नवापूरची वेगळी ओळख लिहून ठेवली: विणकरांनी भरलेले मोठे गाव. लगेच पुढे तो तिथल्या कस्तुरीच्या वासाच्या बारीक तांदळावर घसरतो. खाणाऱ्याचे लक्ष शेवटी ताटाकडेच!

नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी ती व्यापाराची वाट. तिच्या वरच्या टोकाचे बऱ्हाणपुरी कापड मुख्यतः इराण-तुर्कस्तानकडे गेले. खालच्या टोकाच्या सुरतेतून डच कंपनी जावा आणि मसाल्यांच्या बेटांसाठी गुजराती कापड उचलत असे. त्यात सर्वांत मानाचा पटोळा. गुजरातेतल्या पाटणला तो विणणारे साळवी आपले पूर्वज जालन्याहून आल्याचे सांगतात. बेटांवरच्या राजांना कंपनी पटोळे नजर करी आणि तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या जपले जात.

पटोळ्याचे ताण्याचे आणि बाण्याचे, दोन्ही सूत विणण्याआधीच जागोजागी बांधून रंगवतात. मागावर रंगाशी रंग जुळला की फूल उमटते. पण सूत आडवे किंवा उभेच जाणार, त्यामुळे पाकळीची कड गोल वळत नाही, पायरी-पायरीने चढते. विणकराचा इलाज नसतो.

जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पेकालोंगानमध्ये बाटिकवाल्यांनी हेच आठ पाकळ्यांचे फूल मेणाने काढायला घेतले. त्या नक्षीला जलाम्प्रांग म्हणतात. मेण हवे तसे वळते, पाकळी सहज गोल करता आली असती. त्यांनी ती बारीक ठिपक्यांनी भरली. या कामासाठी मेणाच्या लेखणीचे टोक चिरून घेतात, म्हणजे ठिपका चौकोनी पडतो आणि लांबून विणल्यासारखा दिसतो. सुताची अडचण मेणाने आपणहून अंगावर घेतली. माझ्या लेखी कारागिरीतली आधुनिकता इथूनच सुरू होते, चित्रकार फार नंतर आले.

1927 साली रवींद्रनाथ टागोर जावाला गेले तेव्हा चित्रकार सुरेंद्रनाथ कर बरोबर होते. त्यानंतर शांतिनिकेतनात बाटिक रुजले. पुढे आपल्याकडे त्याच्या चादरी झाल्या, ते सोडून देऊ. 1950च्या दशकात मलेशियातल्या पेनांगचे चित्रकार चुआ थियान तेंग यांनी बाटिक चौकटीत बसवून भिंतीवर टांगले. अलीकडे मात्र पुष्कळ प्रदर्शनांत जुन्या नक्षीचा नुसता छाप कॅनव्हासवर दिसतो. फूल आले, पायऱ्या गेल्या.

मलेशियाच्याच कलाकार यी इ-लान यांचे काम याच्या उलट आहे. साबाहच्या किनाऱ्यावरच्या बाजाऊ समाजाच्या बायकांबरोबर त्या चटया करतात. त्यांच्या एका मालिकेत चटयांवर टेबले विणली आहेत. टेबल म्हणजे गोऱ्या साहेबाची कचेरी, चटई म्हणजे सगळ्यांनी मिळून बसायची जागा. त्या टेबलांचे पायही पट्ट्यांच्या विणीतूनच उभे राहतात, आणि विणणाऱ्या बायकांची नावे यी आपल्या नावाबरोबर लावतात.