संगणकाची चाळणी आणि शेतकऱ्याचा अर्ज

खळ्यावर धान्य उफणताना भूस उडून जावे आणि दाणा खाली पडावा, एवढीच शेतकऱ्याची अपेक्षा असते. दाणाच उडू लागला तर वाऱ्याला दोष देऊन भागत नाही. शासकीय योजनांचे अर्ज संगणकावर भरले जाऊ लागल्यापासून नागरिक आणि शासन यांच्यामध्ये अशीच एक गाळणी आली आहे. अर्जातील मजकूर तपासणे, तो एकसारखा करून घेणे आणि न बसणारा परत पाठविणे, हे तिचे काम.

तिची गरज कोणी नाकारणार नाही. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज मागविण्यात आले. पुढे एकाच आधार क्रमांकापुढे अनेकांची नावे आढळली आणि वाटप रखडले. आधारच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक पडताळणीसाठीच असतो; एखादा अंक चुकला वा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर चूक तत्काळ कळते. मात्र खराच क्रमांक दुसऱ्याच्या नावापुढे लागला तर ही रीत मुकी राहते. तेथे आधीच्या अर्जांशी ताडून पाहणे हाच मार्ग.

परंतु चाळणी बारीक केली म्हणजे न्याय झाला, असे नव्हे. आमच्या मानोरा तालुक्यातील तांड्यांत राठोड, चव्हाण, पवार, जाधव ही आडनावे घरोघरी आहेत. नाव जुळले म्हणून अर्ज दुबार ठरविणारा नियम मुंबईत शहाणपणाचा वाटेल; पोहरादेवीच्या परिसरात तो दोन खऱ्या शेतकऱ्यांपैकी एकाला बाद करील. गट क्रमांकाच्या रकान्यात केवळ अंकच चालणार असतील, तर ज्याच्या सातबाऱ्यावर ‘४५/२अ’ आहे त्याने काय लिहावे? ‘गोऱ्हे’ या आडनावातील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठविता येतो. डोळ्याला अक्षर एकच; यंत्राच्या लेखी मात्र माणसे दोन.

चुका दोन प्रकारच्या असतात: खोटा आत येणे आणि खरा बाहेर राहणे. पहिलीची किंमत तिजोरी भरते आणि ती लेखापरीक्षणात दिसते. दुसरीची किंमत एकटा शेतकरी भरतो. ती कोणत्याही खतावणीत चढत नाही. म्हणूनच नियम करणाऱ्यांचा कल चाळणी अधिकाधिक बारीक करण्याकडे झुकतो.

उपाय अवघड नाहीत. जादा मोकळी जागा, मराठी-इंग्रजी अंकांचा भेद, ‘ऱ’ची दोन रूपे, हे यंत्राने स्वतःच सुधारून घ्यावे. अपायकारक ठरू शकणारी चिन्हे मजकूर साठविताना व दाखविताना निरुपद्रवी करावीत. त्यासाठी अर्जदाराचे नाव खोडू नये. मूळ मजकूर जसाच्या तसा जपावा. जेथे शंका असेल तेथे अर्ज न फेटाळता माणसाकडे सोपवावा, आणि कोणता रकाना का अडला ते स्वच्छ मराठीत सांगावे. ‘अर्ज अवैध’ या दोन शब्दांत कोणाच्याही पेरणीचा निकाल लागू नये.