लहान आतडे: पचनाचा मुख्य कारखाना

अन्न जठरात पचते, असा सर्वसाधारण समज आहे. जठर अन्न घुसळते, आम्लात भिजवते आणि प्रथिनांच्या पचनाला हात घालते, एवढेच. पचनाचा मोठा भाग आणि पोषकद्रव्यांचे जवळजवळ सगळे शोषण लहान आतड्यात होते. सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची ही नळी मृतदेहात मोजली, तर सहा-सात मीटर भरते. जिवंतपणी स्नायू आवळलेले असल्याने ती बरीच आखूड असते.

तिचा पहिला भाग म्हणजे आद्यांत्र. लांबी जेमतेम २५ सेंटिमीटर, पण गडबड सर्वांत जास्त इथेच. जठरातून आलेला आंबट लगदा आत शिरताच आतड्याच्या भिंतीतून सिक्रेटिन रक्तात सुटते आणि त्याच्या सांगाव्यावरून स्वादुपिंड आम्ल मारणारा क्षारयुक्त रस सोडते. लंडनमध्ये १९०२ साली विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा तोडून त्यात आम्ल घातले, तरीही स्वादुपिंड स्रवू लागले. निरोप नसांतून नव्हे, रक्तातून जात होता. शोध लागलेले हे पहिले संप्रेरक.

स्वादुपिंडातली प्रथिने फोडणारी विकरे निष्क्रिय रूपात येतात, नाहीतर ती स्वादुपिंडालाच पचवतील. आद्यांत्राच्या भिंतीवरचे एक विकर त्यांना जागे करते. यकृतातून येणारे पित्त तुपा-तेलाचे बारीक थेंब करते, म्हणजे मेद फोडणाऱ्या विकरांना त्यावर काम करता येते.

पुढच्या मध्यांत्रात आणि शेषांत्रात शोषणाचे काम चालते. आतल्या अस्तराला आडव्या घड्या, घड्यांवर मखमलीच्या लवीसारखे रसांकुर आणि रसांकुरांच्या पेशींवर त्याहून सूक्ष्म अंकुर असतात. हे सगळे पसरले, तर टेनिस कोर्टाएवढे क्षेत्र भरते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजले, तेव्हा ते सुमारे ३० चौरस मीटर निघाले. एका नळीसाठी तेही थोडके नाही. पचनाचा शेवटचा टप्पा या अंकुरांवरच पार पडतो. दुधातली साखर फोडणारे लॅक्टेज इथेच असते. मोठेपणी ते कमी झालेल्यांना दुधाने पोट फुगते, दही मात्र बहुधा सोसते. साखर आणि अॅमिनो आम्ले रक्तातून यकृताकडे जातात. बहुतेक मेद लसिकावाहिन्यांच्या आडवाटेने रक्तात पोचतो.

प्यालेले पाणी आणि पाचकरस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो आणि त्यातला बहुतांश इथेच शोषला जातो. पेशी ग्लुकोज आत घेताना सोबत सोडियमही घेतात आणि मागोमाग पाणी जाते. पटकीत पेशींतून पाणी भसाभस बाहेर पडते, पण ही जोडवाट शाबूत राहते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचवले ते याच आधारावर. आजची ओआरएसची पुडी त्याच तत्त्वावर चालते.

शेषांत्राच्या शेवटच्या भागाकडे दोन खास कामे आहेत: पित्तक्षार परत शोषून यकृताकडे धाडणे आणि बी१२ जीवनसत्त्व घेणे. शस्त्रक्रियेत हा भाग बराचसा काढावा लागला, तर बी१२ची इंजेक्शने सहसा कायमची घ्यावी लागतात.